गामावाल्याची आई

नागपूरच्या मनीषनगरातल्या ज्या गल्लीत जितेंद्र सोनकुसरे राहतो, तिथे त्याला नावाने कोणी ओळखत नाही. "गामावाल्याचं घर कोणतं?" म्हणून विचारा, पानठेल्यावरचा माणूस बरोबर हात करून दाखवतो आणि वर फुकटचा सल्ला देतो, की जा बापा, पण लय वेळ बसू नका.

जितेंद्र नोकरी करतो ती वाडीच्या एका टेस्टिंग कंपनीत. कळमेश्वरच्या कारखान्यात बॉयलर बसला, कुठे गॅसची लाइन टाकली, की तिथल्या वेल्डिंगचे जोड आतून पक्के आहेत की नाहीत हे बघायला याला बोलावतात. डॉक्टर हाडाचा फोटो काढतो, तसा हा लोखंडाचा काढतो. त्यासाठी वीस-पंचवीस किलोची एक पेटी असते आणि त्या जड पेटीच्या पोटात मसुराच्या डाळीएवढा इरिडियमचा तुकडा. पेटीला हे लोक कॅमेरा म्हणतात. तुकडा पेटीबाहेर काढला की त्यातून गामा किरण निघतात, लोखंडातून आरपार जातात आणि पलीकडच्या फिल्मवर जोडातली फट उमटते. तुकडा आत घेतला की काम संपलं.

त्याचे वडील मारोतराव उमरेडला मागावर बसायचे. विणलेलं कापड उजेडासमोर धरायचं आणि तुटका धागा शोधायचा, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. पोराने कापडाऐवजी लोखंड धरलं आणि उजेड जरा जबर घेतला, एवढाच काय तो खानदानी धंद्यात बदल. मारोतरावांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. जनाबाईंना, म्हणजे जितेंद्रच्या आईला, ती सव्वीस वर्षांत कळली नाही.

सव्वीस वर्षं या माऊलीने पोटच्या पोराला घरात वेगळं ठेवलं. कामावरून आला की आधी मागच्या दाराने न्हाणीघरात. कपडे वेगळ्या बादलीत. पाण्याचा पेला वेगळा, त्याला खालून लाल ऑइलपेंटचा ठिपका, चुकून दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून. आंघोळ केल्याशिवाय देवापुढे जायचं नाही आणि पुढे पोरगी झाली, ऋतुजा, तर तिलाही हात लावायचा नाही. या नियमांना कारण होतं, पण ते कोणी बोलत नसे. नोकरीला लागला त्याच वर्षी त्याच्या बायकोचं, रोशनीचं, मूल चौथ्या महिन्यात पडलं. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नाही. जनाबाई डॉक्टरांना "हो" म्हणाल्या, घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी ऑइलपेंटचा डबा उघडला.

जितेंद्रने समजावलं नाही असं नाही. समजावून समजावून त्याला ते सगळं पाठ झालं होतं. किरण तीन जातीचे. अल्फा म्हणजे आपला लठ्ठ मामा, दारातच अडकतो. साधा कागद धरला तरी त्याला पार होत नाही, फक्त पोटात गेला तर आत धिंगाणा घालतो. बीटा त्याहून बारीक, त्याला थांबवायला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो. गामा मात्र भिंतीतूनही जातो, त्याला जाड शिसं लागतं, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आपण लांब राहायचं आणि लवकर निघायचं. हे तिन्ही येतात कुठून, तर काही अणूंचा गाभा मुळातच अस्वस्थ असतो, तो आपल्याआपण फुटत, निवत जातो. आणि मुख्य गोष्ट ही, की किरण अंगावर पडले म्हणजे ते अंगाला चिकटत नाहीत.

"आई, तू उन्हात वाळवण टाकते. घरात आल्यावर तुह्या अंगातून ऊन पडते काय?" तो विचारायचा.

"ऊन देवाचं हाय," जनाबाई म्हणायच्या. "तुहं कंपनीचं हाय."

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. एकदा तो चिडून म्हणाला, की वं आई, तुह्या सैपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटमधूनही थोडे किरण निघतात, केळ्यातूनही निघतात, मातीतून, आभाळातूनही येतात. जनाबाईंनी शांतपणे चतुर्थीचं केळं सोललं, खाल्लं आणि साल त्याच्या वेगळ्या बादलीत टाकलं.

कंपनीने त्याला छातीवर लावायला बिल्ला दिला होता. किती किरण अंगावर पडले हे त्या बिल्ल्यात साठतं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. सव्वीस वर्षांत त्यात कधी काही विशेष निघालं नाही. जितेंद्र तो कागद घरी आणून दाखवायचा. जनाबाई म्हणायच्या, कागदावर काय, काहीही लिहितेत.

आता झालं असं, की यंदा जनाबाईंचं वजन उतरायला लागलं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, एकाच जागी बसवेना. तपासण्या झाल्या आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वेड्यासारखी काम करते आहे असं निघालं. डॉक्टर म्हणाले, वय सत्तरीपार आहे, कापाकापी नको, एक गोळी देऊ, काम होईल. ती गोळी कशाची, तर किरणोत्सारी आयोडीनची.

हे ऐकून जितेंद्रला हसू आलं आणि ते लपवायला तो खिडकीपाशी गेला. मग मात्र त्याने नीट सांगितलं. गळ्यातली ग्रंथी आयोडीन ओढून घेते, म्हणून औषध बरोबर तिथेच जाऊन बसतं. त्यातला बीटा दोन-चार मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही, तो तिथल्या तिथे ग्रंथीचा जास्तीचा भाग जाळतो. पण सोबत थोडा गामाही निघतो आणि तो गळ्यातून बाहेर येतो. म्हणून काही दिवस जरा जपायचं.

जनाबाईंनी यातला पहिला अर्धा भाग ऐकला. गोळी खायची, काम होईल. उरलेला त्यांनी पोराच्या जुन्या बडबडीत जमा केला.

दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांनी त्याला आत येऊच दिलं नाही. "तू बाहेरच थांब गा. माही दवाई न् तुही गामा एक होईन, मंग काहीच्या काही होईन," असं दवाखान्याच्या भर हॉलमध्ये ठणकावून सांगितलं. गोळी देतात त्या विभागाच्या दारावर किरणोत्साराची पिवळी खूण होती, तीच खूण जितेंद्रच्या पेटीवर असते. त्या खुणेखालच्या बाकावर तो बसला. रोशनी सोबत गेली, पण तिला फाइलवर शिक्का घ्यायला खिडकीशी पाठवलं आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांनी जनाबाईंना विचारलं, "आजी, घरात कोणी गरोदर बाई किंवा लहान मूल आहे का?"

"नाही," जनाबाई म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. नात ऋतुजा सातव्या महिन्यात होती, पण ती सासरी होती, कळमेश्वरला. सातव्या महिन्याची ओटी भरायला ती माहेरी येणार होती, तारीख गोळीपासून नवव्या दिवसाची ठरलेली होती, पाहुण्यांना फोन गेले होते. पण हे सगळं पुढे होणार होतं. डॉक्टरांनी आजचं विचारलं होतं.

घरी येऊन रोशनीने सूचनांचा कागद काढला. वेगळ्या बिछान्यावर झोपा. भांडी वेगळी ठेवा. कपडे वेगळे धुवा. संडासात पाणी दोनदा सोडा. गरोदर स्त्री आणि लहान मुलांपासून पंधरा दिवस किमान दोन मीटर लांब राहा. वाचता वाचता रोशनीचा आवाज बारीक होत गेला. तिच्या लक्षात आलं की हा कागद या घरात सव्वीस वर्षं पाळला जातोय, फक्त माणूस चुकला होता.

जितेंद्रने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. त्याला एकच गोष्ट दिसत होती, ऋतुजा. दोन मिनिटं हातभर अंतरावरून ओटी भरली असती तर हिशेबाने फार काही बिघडलं नसतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पण जनाबाईंची दोन मिनिटं म्हणजे नातीला कवटाळून दुपारभर बसणं, पोटावर हात ठेवून बाळाशी गप्पा मारणं आणि रात्री कुशीत घेऊन झोपणं. पोटातल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टर जेवढं लांब म्हणतात तेवढं लांब. यात त्याला घासाघीस नको होती.

"आई, ओटीच्या दिवशी तुले खोलीत बसा लागन."

"काहून?"

"तुह्या गळ्यातून किरण निघून राहिले."

"मी गोळी खाल्ली, तुह्यावानी पेटी घेऊन नाही हिंडत," जनाबाई म्हणाल्या. "पहिली ओटी आजीची असते. माह्या हातची."

त्याने औषधाची मुदत समजावली. आठ दिवसांत यातलं निम्मं आपल्याआप विरतं, अंगातून बाहेरही पडतं. जनाबाईंचे डोळे चमकले. "मंग नवव्या दिवशी मी अर्धीच उरते ना? अर्धीनंच भरते ओटी."

"आई, अर्ध्यातही अर्धं राहते. एकदम नाही संपत."

"म्हंजे कधीच नाही संपत. मंग मी काय खोलीतच मरू?"

तिसऱ्या दिवशी जितेंद्रने साहेबाला विचारून किरण मोजायचा मीटर घरी आणला. घरातले सगळे हॉलमध्ये जमले. त्याने आधी स्वतःच्या छातीला लावला, हाताला लावला, त्या वेगळ्या बादलीतल्या कपड्यांना लावला. मीटर मधूनच एखादं टक् करत होता, जसा तो नागपुरात कुठेही करतो. मग तो खुर्चीत बसलेल्या आईकडे वळला. दोन हात लांब असतानाच मीटर जो तडतडायला लागला, तो फोडणीत मोहरी पडावी तसा. मारोतराव उठले, आपली गादी गुंडाळली आणि हॉलमध्ये सोफ्यापाशी आणून टाकली.

जनाबाई मीटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीन तुह्या कंपनीची हाय. तुह्याच बाजूनं बोलन."

जितेंद्रला त्या क्षणी खूप राग आला. किरणांचा नाही, त्यांची त्याला सवय होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आईने आपला शब्द खरा मानावा, एवढीच त्याची मागणी होती आणि तेवढ्यासाठी त्याने साक्षीला यंत्र आणलं होतं. त्या यंत्रालाही तिने भाऊबंद करून टाकलं.

शेवटी ऋतुजाच्या फोनने काम झालं. "आजी, तू खोलीत नाही बसली तर मी येतच नाही. ओटी इथंच भरू," असं तिने सांगितलं. जनाबाई संध्याकाळी अट घालून कबूल झाल्या. खोलीत बसेन, दारातून बघेन, पण हे माझ्यामुळे आहे हे पाहुण्यांत कोणाला कळता कामा नये.

"मी आजारी हाय म्हणा, अंगात ताकद नाही म्हणा. पण हे तुह्यावालं काही माह्यात हाय असं म्हणाचं नाही. लोकं उष्टं-खरकटं वेगळं ठेवतीन माहं."

"नाही सांगत," जितेंद्र म्हणाला. त्याने शपथ घ्यायला नको होती, पण घेतली.

ओटीच्या दिवशी सकाळी त्याने खोलीच्या दारावर कामावरची लाल-पांढरी पट्टी आडवी बांधली. कंपनीत जिथे फोटो काढायचा तिथे चहूकडून तीच बांधतात. जनाबाईंची खुर्ची आत, दारापासून जरा मागे. ऋतुजाचा चौरंग हॉलच्या त्या टोकाला. टेपने मोजून साडेपाच मीटर भरले. स्वतः तो पट्टीपाशी स्टूल टाकून बसला, कारण आई आहे, कधी उठेल सांगता येत नाही.

पाहुणे आले. हिरव्या साडीत ऋतुजा चौरंगावर बसली, हातात हिरव्या बांगड्या, केसात मोगरा. बायकांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग पट्टीपाशी बसलेल्या जितेंद्रकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. उमरेडहून आलेल्या शोभामावशींना तर सगळ्यांच्या आधी समजलं. त्या जनाबाईंच्या सख्ख्या धाकट्या बहीण. आल्या त्या थेट पट्टीपाशी, वाकून आत हात घातला आणि बहिणीचा हात हातात घेतला. जितेंद्र "मावशी" म्हणेपर्यंत सगळं झालं होतं.

"बरं केलं वं बाई," शोभामावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आजारी माणसानं याच्यापासून लांबच रायलं पाहिजे. सव्वीस वर्षं कसे काढले असतीन तूनं याच्यासंग!"

जितेंद्रने आईकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता तरी. जनाबाईंनी पदर सारखा केला, एकवार नातीकडे बघितलं आणि उसासा टाकला.

"काय करतं बापा," त्या म्हणाल्या. "पोटचं पोरगं हाय."

हॉलमधल्या बायका हळहळल्या. कोणीतरी म्हणालं, देवमाणूस आहे आजी. जितेंद्रने मान खाली घातली.

ताट सजलं. तांदूळ, नारळ, खारीक, बदाम, खण. ओटी भरायची वेळ झाली आणि शोभामावशी पुन्हा उठल्या.

"पहिली ओटी आजीची. चाल बाई, उठ."

"नाही वं, मले ताकद नाही."

"चार पावलं त हाय. मी धरते तुले. अन् ऐ जितू, तू जाय बापा जिन्यात दहा मिनिटं. तुह्यापायी माही बहीण कोंडून पडली. तू गेला की पट्टीचं काम काय?" असं म्हणत त्यांनी पट्टीची गाठ सोडायला घेतली.

"मावशी, पट्टी नको काढू," जितेंद्र म्हणाला. उठला आणि गाठीवर हात ठेवला.

"काहून गा?"

काहून, ते त्याला सांगता येत नव्हतं. तो आईकडे बघत होता आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती. बायका हसायला लागल्या. दोघीतिघी उठल्या, आम्हीही धरतो म्हणाल्या. रोशनी ताट हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. पट्टीचं एक टोक सुटलं आणि खाली लोंबलं. जनाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांचे हात नातीकडे आधीच पुढे झाले होते. हॉलच्या त्या टोकाला ऋतुजा चौरंगावर बसली होती. तिने फक्त दोन्ही हात पोटावर ठेवले आणि आजीकडे पाहिलं.

जनाबाई तशाच थांबल्या. यंत्र खोटं असेल, हे त्या अजूनही मानत होत्या. पोरगा कंपनीचं बोलतो, हेही मानत होत्या. पण खोटं नसलं तर? सव्वीस वर्षं त्यांनी याच एका "नसलं तर"वर अख्खं घर चालवलं होतं. ते आज नातीपुढे मोडायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

त्या परत खुर्चीत बसल्या.

"पट्टी बांध गा जितू," त्या म्हणाल्या. "शोभे, सरक तिकडं. त्याच्यात काही नाही. कधीच नव्हतं. माह्यात हाय ते. दवाखान्यातून गोळी खाऊन आली मी."

शोभामावशींनी हातातलं पट्टीचं टोक सोडलं आणि तीन पावलं मागे सरकल्या. ज्या हाताने बहिणीला धरलं होतं, तो हात त्यांनी निऱ्यांना पुसला. एकदा पुसला, दोनदा पुसला. "तरीच माहं आल्यापासून डोकं धरून राहिलं," त्या पुटपुटल्या आणि नळाकडे गेल्या. सोफ्याच्या कडेच्या बाईने आपलं पोर मांडीवर उचलून घेतलं. ती दारापासून चार मीटरवर होती. जितेंद्रला अंतर नुसत्या नजरेने कळायचं, पण तिला ते सांगण्यात अर्थ नव्हता. जनाबाईंसाठी बाजूला काढलेलं जेवणाचं ताट कोणीतरी न सांगता पायाने भिंतीकडे लोटलं.

जितेंद्रने पट्टी पुन्हा बांधली. ऋतुजाच्या सासूबाईंनी पहिली ओटी भरली, गाणी झाली, हसणं पुन्हा सुरू झालं. मात्र दाराकडे पाठ करून बसता येईल अशा सगळ्या जागा आधी भरल्या. जनाबाई ते सगळं खुर्चीतून बघत होत्या. जितेंद्र पट्टीच्या बाहेर स्टुलावर बसून होता. बराच वेळ गेल्यावर त्याला आतून आवाज आला, इतका हलका की मीटर असता तरी पकडू शकला नसता.

"जितू."

"काय आई?"

"ऋतुजा लहान असतानी तू आला की ती दाराकडं पळे. अन् मी मागून फ्रॉक धरून तिले ओढो. तू दारात उभा राहे, टिफिन हातात घेऊन." हॉलमध्ये शोभामावशी हात धुऊन परत आल्या होत्या आणि लांबच्या खुर्चीवर बसत होत्या. जनाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. "शोभी आता जशी मागं सरली ना... तवा तुले असंच वाटे काय गा?"

जितेंद्रकडे या घरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. किती जाड शिसं लागतं, किती दिवसांत निम्मं होतं, किती अंतर पुरतं, सव्वीस वर्षं तो ते देत आला होता आणि कोणी ऐकत नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्याला विचारत होतं आणि उत्तरासाठी थांबलं होतं.

"हो," तो म्हणाला. "रोजच वाटे."